मामाजींच्या नावची वेबसाइट

दसऱ्याच्या सकाळी डिंपलने अंगणात सडा टाकला, दाराला झेंडूचं तोरण बांधलं आणि ओले हात पदराला पुसत मोबाइलवर आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकला. वेबसाइट उघडली नाही. तिने पुन्हा एकेक अक्षर बघून टाकला. पांढरंफटक पान आलं आणि त्यावर इंग्रजीत एवढंच, की असा पत्ता सापडत नाही.

आणि त्याच दिवशी दुपारच्या आत तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे ती ज्यांना मामाजी म्हणायची त्या नारायणरावांनी, या वेबसाइटचं उद्घाटन ठेवलं होतं. हो, उद्घाटन. नारळ, हार, पेढे, सगळं. लग्नाला छापतात तशा पत्रिका छापल्या होत्या आणि त्या अर्ध्या दुसरबीड गावात वाटून झाल्या होत्या. पत्रिकेवर गणपतीच्या खाली वेबसाइटचा पत्ता ठळक अक्षरात होता, म्हणजे ज्याच्या हातात मोबाइल तो जागेवर बसून टाकून बघणार. आणि येणाऱ्यांत गुलाबराव होते, सिमेंट-लोखंडाचे व्यापारी. वेबसाइट उघडली नाही तर नर्सरीची जागा त्यांना मिळायची होती.

डिंपलचं माहेर साखरखेर्ड्याचं. बारावीनंतर घरी बसून बीए केलेलं, अंगाने बारीक, बोलणं कमी, पण हट्ट असा की एकदा धरला की सोडवणाऱ्याने आपलीच बोटं सांभाळावीत. लग्न होऊन आली तेव्हा सासरची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी रस्त्याला लागूनच होती आणि रस्ता वाहता होता. मेहकर, जालना, कुठली कुठली गाडी थांबायची, माणसं चहा प्यायची आणि मिरचीचे, वांग्याचे, कोबीचे ट्रे गाडीत टाकून न्यायची. सुरुवातीला डिंपल फक्त चहा करायची. मग हळूहळू ट्रे भरायला लागली, बी टाकायला लागली, आणि एक दिवस घरातल्यांच्या लक्षात आलं की हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये कोणतं रोप कधी द्यायचं हे आता सगळे तिलाच विचारतात. तिला ते काम मनापासून आवडायचं. सकाळी ट्रेवरचं प्लास्टिक उचलल्यावर मातीतून मान काढलेले कोंब दिसले की ती स्वतःशीच हसायची, आणि सासूबाई सत्यभामाबाई तिला वेड लागलंय का म्हणून विचारायच्या.

मग समृद्धी महामार्ग झाला आणि लांबच्या गाड्या तिकडून पळायला लागल्या. जुन्या रस्त्यावर उरल्या एसट्या, दुचाक्या आणि गावातलीच माणसं. ट्रेमधली रोपं वाढून, पिवळी पडून उकिरड्यावर जाऊ लागली. अशा वेळी गुलाबराव चहाला येऊन बसले आणि म्हणाले, मोक्याची जागा आहे, गोडाऊन टाकतो, तुम्ही घरबसल्या भाडं घ्या. नारायणरावांना पटलं. त्यांचं वय झालं होतं आणि रोपं फेकताना त्यांनाही बघवत नव्हतं.

डिंपल सासऱ्यांपुढे कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. दाराच्या आडूनच, पण बोलली. लोक आता मोबाइलवर शोधतात, आपण तिथं दिसलो तर गाडी वाकडी वाट करून येईल, मला दसऱ्यापर्यंत वेळ द्या, असं ती म्हणाली. तिचा नवरा अविनाश जमिनीकडे बघत उभा राहिला. नारायणराव बराच वेळ सुपारी कातरत बसले. गावातल्या भांडणतंट्यात पंच म्हणून त्यांना बोलावत, आणि त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

"दसऱ्याले चालू झाली तं नर्सरी राहीन," ते म्हणाले. "नाई झाली तं जागा गुलाबरावाले. मंग मले कोनी काही म्हनू नका."

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. वेबसाइट कशी करतात हे तिला ठाऊक नव्हतं. शेडनेटच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ रेंज बरी यायची, तिथं पालथ्या क्रेटवर बसून ती दुपारी हिंदी व्हिडिओ बघायची, थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा बघायची. तयार साचा मिळतो आणि त्यात आपला मजकूर भरायचा, एवढं कळायलाच तिला कितीतरी दुपारी गेल्या. साच्यात एक गोरी बाई होती, हातात पाल्याचा वाडगा घेऊन खिदळणारी. ती काही केल्या निघेना. नर्सरीचं नाव वर आलं, खाली ही बाई तशीच. सत्यभामाबाईंनी मोबाइलमध्ये डोकावून बघितलं आणि, "हे आपलं गिऱ्हाईक हाय का व?" असं गंभीरपणे विचारलं. डिंपलला हसावं की रडावं कळेना. शेवटी बाई गेली आणि तिच्या जागी वांग्याच्या रोपांचा ट्रे आला, तेव्हा तिने टाकीच्या नळाखाली तोंड धुतलं, कारण घाम फुटला होता.

मजकूर तिने आधी पुस्तकी लिहिला, आमच्या येथे सर्व प्रकारची दर्जेदार रोपे वगैरे. वाचून तिला स्वतःलाच कंटाळा आला. मग ती तोंडाने सांगायची तसंच लिहिलं, की रोप घेताना नुसता शेंडा बघू नका, ट्रेमधून उपसून मुळी बघा, पांढरी असेल तरच न्या, आमच्याकडे उपसून बघितलं तर कोणी रागावणार नाही. खाली एक चौकट ठेवली, तुम्हाला काय हवं ते इथं लिहा.

वेबसाइटचा पत्ता विकत घ्यायचा असतो. तो घेताना मालकाचं नाव आणि ई-मेल विचारला. डिंपलने क्षणभरही विचार केला नाही. घरचा सातबारा नारायणरावांच्या नावचा, वीज मीटर त्यांच्या नावचं, गॅस, ट्रॅक्टर, सत्यभामाबाईंच्या शिलाई मशीनचं बिलसुद्धा त्यांच्याच नावचं. वेबसाइट वेगळ्या नावाची असू शकते हे तिच्या ध्यानीमनी आलं नाही. त्यांचा ई-मेलही होता, पीक विम्याच्या वेळी ऑनलाइन सेंटरवाल्याने काढून दिलेला. तो तिने टाकला, चौकटीत लोक जे लिहितील तेही तिकडेच जाईल असं ठरवलं, आणि निश्चिंत झाली. माशी शिंकली ती इथंच.

वेबसाइट उघडली. जेमतेम आठवडाभर ती उघडी होती. तिने अविनाशला दाखवली, तो खूश झाला आणि त्याने मित्रांना पाठवली. तिथून कुणाकडून तरी ती नारायणरावांच्या कानावर गेली आणि त्यांचं डोकंच फिरलं. त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. नारळ नाही, पूजा नाही, आणि दुकान उघडलं? पितृपक्षात? डिंपलने समजावायचा प्रयत्न केला की हे काही शटर वर करण्यासारखं नाही. पण नारायणरावांनी आयुष्यात एक टपरीही मुहूर्ताशिवाय उघडलेली नव्हती. बंद कर, दसऱ्याला उघडू, असं त्यांनी सांगितलं. उघडी वेबसाइट तिने आपल्या हाताने बंद केली. तेव्हा तिला फार वाईट वाटलं.

मग मात्र गंमत झाली. वेबसाइटला नाकं मुरडणारे नारायणराव उद्घाटनाच्या तयारीला स्वतः लागले. पत्रिकेवर छापलं, श्री. नारायणराव यांच्या नर्सरीच्या वेबसाइटचा उद्घाटन सोहळा. खाली निमंत्रक म्हणून अविनाश. डिंपलचं नाव नव्हतं. तिला ते लागलं, पण ती बोलली नाही. आपलं काम चालू राहिलं म्हणजे झालं, असं तिने मनाला सांगितलं, आणि मनाने ते अर्धंच ऐकलं.

तर दसऱ्याची सकाळ. पहाटे उठल्या उठल्या तिने वेबसाइट पुन्हा चालू केली होती, तरी पत्ता सापडत नव्हता. पोळ्या लाटता लाटता तिने पत्ते विकणाऱ्या कंपनीचं पान उघडलं. तिथं लाल अक्षरात लिहिलं होतं की मालकाने ई-मेलवर आलेल्या पत्राला होकार दिला नाही, सूचना पाठवूनही दिला नाही, म्हणून पत्ता थांबवला आहे. मालक म्हणजे नारायणराव. त्यांचा ई-मेल काढल्यापासून कुणी उघडलेला नव्हता. तिने ऑनलाइन सेंटरवाल्याला फोन केला. तो सासरवाडीला होता. पासवर्ड कोणाला आठवतो, तो म्हणाला, काकांचा नंबर टाका, त्यांच्या मोबाइलवर आकडा येईल, तो टाका की उघडेल.

काकांचा मोबाइल काकांच्या बंडीच्या आतल्या खिशात होता आणि काका पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरून घेत होते. त्यांच्याकडे मोबाइल मागायचा म्हणजे कशाला हे सांगावं लागणार. आणि सांगितलं की दगडावरची रेघ आठवणार.

तिने अविनाशला शेडनेटच्या मागे बोलावलं आणि सांगितलं. तो टीव्हीची वायर हातात घेऊन उभा होता. मोबाइलवरची वेबसाइट टीव्हीवर मोठी दिसेल अशी त्याने सोय केली होती. पाहुणे रस्त्यावरून येताना दिसत होते. थोडा विचार करून तो म्हणाला, तुझ्याकडे वेबसाइटचे काढलेले फोटो आहेत ना, तेच टीव्हीवर लाव. कुणी मोबाइलवर टाकून बघितलं तर रेंज नाही म्हणायचं.

आणि खरंच, आपल्याकडे रेंज नाही म्हटलं की देवही विश्वास ठेवतो. डिंपलला ते पटलं नाही, पण तिने ते केलं. बाहेरून गुलाबरावांचा आवाज आला तशी तिची उरलीसुरली हिंमत गेली होती. आज निभावू, संध्याकाळी मामाजींना सांगू, असं ती मनाशी म्हणाली.

शेडनेटमध्ये टेबलावर टीव्ही, टीव्हीला झेंडूचा हार. शेजारी फवारणीचा पंप, खुरपी, ट्रे, सगळ्यांना हळद-कुंकू. डिंपलच्या मोबाइललाही सत्यभामाबाईंनी बोटं टेकवली आणि काच पिवळी झाली. टीव्हीवर वांग्याच्या रोपांचा फोटो झळकला. माणसं माना हलवू लागली. नारायणरावांनी टोपी नीट केली. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तो बघून डिंपलला जास्तच भीती वाटली. गुलाबराव पुढच्या खुर्चीत मोबाइलशी खेळत बसले होते. त्यांनी एकदा पत्रिका बघितली, एकदा मोबाइल, आणि कपाळाला आठी घातली. अविनाश घाईघाईने म्हणाला की आज रेंजच नाही. गुलाबरावांनी मोबाइल ठेवून दिला. नारायणरावांनी नारळ हातात घेतला.

तेवढ्यात फाटकाशी एक दुचाकी थांबली. गमछा गुंडाळलेला एक मध्यमवयीन शेतकरी आत आला, माणसांची गर्दी बघून बावरला आणि कडेला उभा राहिला. त्याची नजर टीव्हीवर गेली आणि तो तिथूनच बोलला. "हे इथं दिसू राह्यलं. माह्या मोबाइलवर काऊन नाई येत मंग?"

अविनाशने रेंजचं सांगितलं. तो माणूस म्हणाला, "रेंज हाय ना भाऊ, आताच घरच्याले व्हिडिओ कॉल केला फाटकात."

सगळे वळले. नारायणरावांनी नारळ खाली घेतला आणि कोण, कुठले विचारलं. माणसाचं नाव कडूबा, बीबी गावचा. आणि तो रागातच होता. त्याने सांगितलं, मागे ही वेबसाइट त्याच्या पोराने मोबाइलवर दाखवली. मुळी उपसून बघा असं लिहिलेलं त्याला आवडलं. फुलकोबीच्या रोपांसाठी त्याने खालच्या चौकटीत लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. मग वेबसाइटच नाहीशी झाली. वाट बघून शेवटी त्याने रोपं दुसरीकडून घेतली. आज या बाजूला पाहुण्याकडे आला होता, म्हणून बघायला आला की दुकान आहे तरी का.

"दुकान उघडून ठेवता," कडूबा म्हणाला, "आन् गिऱ्हाइकाशी बोलाले कोनी नाई. धंदा करता का खेळ करता?"

हा फटका नारायणरावांना बसला. दारातून गिऱ्हाईक साधं उत्तरही न मिळता परत गेलं, हे त्यांच्या नर्सरीत कधी झालं नव्हतं. त्यांनी अविनाशकडे बघितलं. अविनाशने मान खाली घातली.

डिंपलला वाटलं, आता आपण गप्प बसलो तर अविनाश आणखी एक खोटं बोलेल, आणि मग आणखी एक. ती ट्रेच्या रांगेमागून पुढे आली.

"मामाजी, वेबसाइट बंद हाय," ती म्हणाली. "टीव्हीवर हाय तो नुसता फोटो हाय. म्याच लावला."

मग तिने सगळं सांगितलं. कंपनीचं पत्र, त्याला न दिलेला होकार, थांबवलेला पत्ता, चौकटीतलं कडूबांचं लिहिणं कुठे गेलं ते, आणि मोबाइलवर येणारा आकडा. नारायणरावांनी बंडीतून मोबाइल काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने नंबर टाकला. हळदीने माखलेल्या काचेवर बोट उमटेना, तेव्हा सत्यभामाबाईंनी आपल्या पदराने काच पुसून दिली. आकडा आला. ई-मेल उघडला. कंपनीच्या सूचना एकीखाली एक पडून होत्या आणि त्यांच्या मध्येमध्ये कडूबाने लिहिलेलं. तिने होकार दिला. लगेच खाली आलं, पत्ता सुरू व्हायला काही तास लागतील.

म्हणजे मुहूर्त गेला. गुलाबराव उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण व्यापारी होता.

"नारायणराव, सुनेले रागावू नका. लहान हाय, चुकली," ते समजुतीने म्हणाले. "पन दसऱ्याचं बोलणं होतं आपलं."

नारायणराव खुर्चीत बसले आणि पंचाच्या बैठकीत विचारत तसं डिंपलला विचारू लागले. पत्र कोणाच्या नावाने आलं होतं? तुमच्या. होकार कोणी द्यायचा होता? तुम्ही. आधी वेबसाइट चालू होती ती बंद कोणी करायला लावली? डिंपल ट्रेकडे बघू लागली. शेडनेटमध्ये सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

"बोल," ते म्हणाले.

"तुमी."

डिंपलला वाटलं, आता संपलं.

"गुलाबराव," ते म्हणाले, "ज्याच्या नावचा बैल शेतात घुसला, भरपाई त्यानं द्यायची. हा इन्साफ म्या गावात किती जनाले सांगतला. वेबसाइट माह्या नावची. पत्र माह्या नावचं. तं चूक बी माह्याच नावची. अट तिच्या चुकीची होती, माह्या चुकीची नाई. जागा भेटनार नाई तुमाले." मग ते डिंपलकडे वळले. "आन् फोटो लावून देवापुढं खोटं दाखोलं, ती चूक तुही. ती म्या इसरनार नाई."

डिंपलच्या डोळ्यांत पाणी आलं. नर्सरी राहिली होती. घरातल्या कुठल्याही सुनेने इथं थांबावं, पाया पडावं आणि पेढे वाटायला घ्यावेत. पण कडूबांचं ते दुसऱ्यांदा लिहिलेलं तिच्या नजरेसमोरून हलत नव्हतं, आणि उद्या कोणी लिहिलं तर तेही त्याच बंडीच्या खिशात जाणार होतं.

"मामाजी, नाव तुमचंच राहू द्या," ती म्हणाली. "पन पत्र माह्या मोबाइलवर येऊ द्या."

सत्यभामाबाईंनी तिचा हात मागून दाबला, पुरे म्हणून. माणसं एकमेकांकडे बघू लागली. अविनाशने बापाकडे बघितलं आणि पुन्हा जमिनीकडे. नारायणरावांच्या कपाळाची शीर तटतटली.

"नाव माहं आन् पत्र तुह्याकडं, हे कसं जमन?" ते म्हणाले. "उद्या पुन्हा काही बिघडलं तं कोनाले धरायचं? चुकीले धनी एकच पायजे." ते थांबले. आवाज चढलेलाच होता. "टाक तुहं नाव. आतापासून जे बिघडन ते तुह्या नावचं. मंग माह्याकडं रडत येजो नको."

त्यांनी नारळ उचलला आणि टीव्हीकडे न बघता नर्सरीच्या उंबऱ्यावर फोडला. पेढे वाटले गेले. गुलाबरावांनी पेढा घेतला, संध्याकाळी सोनं द्यायला येतो म्हणाले आणि निघाले. कडूबा मात्र तिथंच उभा होता. फुलकोबी लावून झाली होती, पण त्याला टमाट्याची रोपं हवी होती, आणि आता ती त्याला मुळी उपसून बघायची होती.

त्याला थोडं थांबायला सांगून डिंपल टाकीजवळच्या क्रेटवर बसली. मालकाच्या नावाच्या चौकटीतलं सासऱ्यांचं नाव तिने एकेक अक्षर खोडलं आणि तिथं स्वतःचं लिहिलं. सातबाऱ्यावर, मीटरवर, कशावरच तिचं नाव नव्हतं, हे पहिलंच. तिला आनंद झाला, खूप झाला. पण बटण दाबताना तिचं बोट थांबलं, कारण यापुढे कडूबासारखं कोणी उत्तराविना परत गेलं, तर त्याला तोंड तिलाच द्यावं लागणार होतं. तिने बटण दाबलं आणि टमाट्याचा ट्रे काढायला उठली.